रक्तवाहिन्यांचे अस्तर आणि रक्तातील निदर्शके

रक्तवाहिनी म्हटली की आपल्या मनात नळीचे चित्र उभे राहते. शालेय पुस्तकांतील आकृत्यांनी ते पक्के करून ठेवले आहे : तांबड्या नळ्या, निळ्या नळ्या आणि मध्ये हृदयाचा पंप. हे चित्र सर्वस्वी चुकीचे नाही; परंतु त्यात एक गोष्ट राहून गेली आहे. या नळ्यांना आतून एक अस्तर असते. ते एकाच पेशीच्या जाडीचे असून महाधमनीपासून अतिसूक्ष्म केशवाहिनीपर्यंत अखंड पसरलेले असते. केशवाहिनीत तर या अस्तराखेरीज दुसरी भिंत जवळजवळ नसतेच. शरीरशास्त्रज्ञ त्यास अंतःस्तर असे म्हणतात.

तांब्यापितळेच्या भांड्याला आतून कल्हई असते, तसेच हे अस्तर रक्ताला भिंतीपासून वेगळे ठेवण्यापुरते आहे, अशी समजूत गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत सर्वसाधारणपणे रूढ होती. कल्हई निर्जीव असते. ती काही करीत नाही, केवळ असते. अंतःस्तराविषयीचा हा समज मोडीत निघाला तो एका विसंगतीमुळे. न्यूयॉर्क येथील रॉबर्ट फर्चगॉट हे औषधशास्त्रज्ञ सशाच्या महाधमनीच्या पट्ट्या काढून त्यांवर निरनिराळ्या द्रव्यांचा परिणाम पाहत असत. असेटिलकोलीन नावाचे द्रव्य जिवंत प्राण्याला टोचले तर रक्तवाहिन्या सैलावतात. मात्र प्रयोगशाळेतील पट्टी त्याच द्रव्याने आकसत असे. कारण उलगडले तेव्हा ते अगदी साधे निघाले. पट्टी तयार करताना तिची आतील बाजू नकळत घासली जाई आणि अस्तर खरवडून निघे. अस्तर शाबूत ठेवले की पट्टी सैल पडे. म्हणजे सैलावण्याचा आदेश स्नायूला अस्तराकडून मिळत होता. हे संशोधन १९८० साली प्रसिद्ध झाले. आदेश नेणारे द्रव्य म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा वायू होय, हे त्या दशकाच्या उत्तरार्धात सिद्ध झाले आणि १९९८ चे नोबेल पारितोषिक फर्चगॉट, लुई इग्नारो व फेरिड मुराद यांना विभागून मिळाले.

तेव्हा अंतःस्तर ही कल्हई नव्हे; ते एक काम करणारे इंद्रियच आहे. वाहिनी किती रुंद असावी, रक्त कोठे गोठावे व कोठे गोठू नये, रक्तातील पाणी व प्रथिने बाहेर किती पाझरावीत, श्वेतपेशींना कोणत्या ठिकाणी थांबवून भिंतीपलीकडे जाऊ द्यावे, या साऱ्यांचा निर्णय तेथे होतो. हे काम बिघडले की वाहिनी आकसलेली राहते, गुठळ्या धरतात, प्रथिने गळतात. मधुमेह, उच्च रक्तदाब, मूत्रपिंडाचे जुने विकार, तीव्र जंतुसंसर्ग, हिवताप अशा वरकरणी परस्परांशी संबंध नसलेल्या रोगांत हा बिघाड आढळतो. २०२० साली कोविडची साथ आली, तेव्हा फुफ्फुसांचा मानलेला हा रोग रक्तवाहिन्यांच्या अस्तराचाही रोग आहे, हे काही महिन्यांतच दिसून आले.

अडचण अशी की हे अस्तर डोळ्यांनी पाहता येत नाही, बोटांनी चाचपता येत नाही आणि तपासणीसाठी त्याचा तुकडाही सहज कापून घेता येत नाही. पण ते सदैव रक्तात भिजलेले असते. त्याला इजा झाली, ते चेतविले गेले किंवा त्याचे काही भाग सुटून निघाले, तर त्याच्या खुणा रक्तात मिसळणारच. या खुणांना आम्ही येथे ‘निदर्शके’ असा शब्द योजला आहे. ‘सूचक’ हा शब्दही चालला असता. परंतु सूचना देणाऱ्याच्या मनात काही हेतू असतो असे मराठी वाचकास वाटते, आणि या द्रव्यांना हेतू नसतो.

अशा खुणांपैकी सर्वांत जुनी खूण म्हणजे फॉन विलब्रँड घटक. फिनलंडमधील वैद्य एरिक फॉन विलब्रँड यांनी १९२६ साली आलँड बेटांवरील एका कुटुंबातील रक्तस्रावाच्या आनुवंशिक विकाराचे वर्णन केले. ज्या मुलीमुळे हे कुटुंब त्यांच्या नजरेस आले, ती पुढे वयाच्या तेराव्या वर्षी मासिक पाळीतील रक्तस्रावाने मरण पावली. तिच्या रक्तात जे प्रथिन नव्हते, ते मोठ्या प्रमाणात अंतःस्तराच्या पेशींतच तयार होते, हे कळावयास १९७३ साल उजाडले. त्या सुमारास नवजात बालकांच्या नाळेतील शिरेचे अस्तर काढून त्याच्या पेशी काचपात्रात वाढविण्याची युक्ती साधली होती. त्या पेशींत लांबट कांड्यांसारख्या पिशव्या असतात. वायबेल आणि पॅलाडे यांनी त्या १९६४ सालीच इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या होत्या. त्यांत काय साठविलेले आहे, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हते. पेशी दुखावली की या पिशव्या फुटून त्यांतील फॉन विलब्रँड घटक रक्तात ओतला जातो. रक्तातील त्याची वाढ ही अस्तराच्या इजेची खूण मानावी, अशी सूचना फ्रान्समधील संशोधकांनी १९७५ साली केली. ती मोलाची ठरली.

तथापि या खुणेच्या मर्यादाही लवकरच ध्यानात आल्या. ‘ओ’ रक्तगटाच्या निरोगी माणसात हा घटक इतरांपेक्षा सुमारे पाव हिश्शाने कमी असतो. वयाबरोबर तो वाढतो. धावून आल्यावर वाढतो, ताप आल्यावर वाढतो. आणि गर्भारपणात तर काहीही बिघाड नसताना तो दुपटीतिपटीने वाढतो. घरात कोणीतरी शिरले आहे एवढेच ओरडून सांगणारा हा रखवालदार आहे. शिरलेला चोर आहे की पाहुणा, हे त्याच्याकडून कळत नाही. ई-सिलेक्टिन, थ्रॉम्बोमोड्युलिन, अँजिओपोइटिन-२, एन्डोथेलिन ही पुढे सापडलेली निदर्शकेही कमीअधिक प्रमाणात याच जातीची आहेत. संशोधकाला ती फार उपयोगी पडतात. परंतु समोर बसलेल्या एका रोग्याविषयी आज काय करावे, असा प्रश्न वैद्यापुढे असतो तेव्हा ती बहुधा मौन धरतात.

या नियमाला एक ठळक अपवाद आहे आणि तो स्त्रियांच्या प्राणाशी निगडित आहे. म्हणून पुढील विवेचन त्याविषयीच करू.

गर्भारपणातील विषाचा शोध

गरोदर स्त्रीच्या पायांवर सूज यावयाचीच, असे आपल्याकडे घरोघरी म्हणतात आणि बहुतेक वेळा ते खरे असते. पण काही स्त्रियांत गर्भारपणाचे वीस आठवडे उलटल्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर चढतो, लघवीतून प्रथिन जाऊ लागते, डोके ठणकते, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, छातीखाली पोटात दुखते. या अवस्थेस प्री-एक्लॅम्प्सिया म्हणतात. तिच्यावर वेळीच उपाय झाला नाही तर आकडीचे झटके येतात. ती एक्लॅम्प्सिया होय. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘एकाएकी चमकून उठणे’ असा आहे. विजेसारखा कोसळणारा हा विकार पाहिलेल्या कोणासही तो शब्द पटावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार या विकाराने जगात दरवर्षी सुमारे ४६ हजार माता आणि सुमारे ५ लाख गर्भ व नवजात बालके दगावतात. यांतील बहुसंख्य मृत्यू गरीब देशांत होतात.

झटके येणाऱ्या गर्भिणींच्या लघवीत प्रथिन असते, हे लंडनच्या गाय रुग्णालयातील जॉन लीव्हर यांनी १८४३ साली नोंदविले. रक्तदाबाचा संबंध मात्र कळणे शक्यच नव्हते, कारण रक्तदाब मोजण्याचे सुटसुटीत साधन रिवा-रोची यांनी १८९६ साली तयार केले. रक्तात काहीतरी विष भिनत असावे, अशी तर्कसंगत कल्पना करून या विकाराला ‘गर्भारपणाची विषबाधा’ असे नाव देण्यात आले आणि विसाव्या शतकाचा बराच काळ तेच पाठ्यपुस्तकांत चालले. विष मात्र सापडेना. १९८३ साली अमेरिकेतील काही संशोधकांनी तर रोग्यांच्या रक्तात एक कृमी आढळल्याचे जाहीर करून त्याचे नामकरणही केले. तो कृमी नसून काचपट्टीवरील तंतू व रंगाचे डाग होते, असे मागाहून निष्पन्न झाले. शोधाची घाई झाली की शहाणी माणसेही कशी फसतात, याचा हा एक नमुना.

उपचाराच्या बाबतीत वैद्य थांबून राहिले नव्हते. मद्रासचे कृष्ण मेनन यांनी तीन शामक औषधांचे मिश्रण वापरून झटके आवरण्याची पद्धत १९६१ साली प्रसिद्ध केली आणि ती भारतातील रुग्णालयांत दीर्घकाळ वापरात राहिली. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या बहुराष्ट्रीय चाचणीनंतर मॅग्नेशियम सल्फेट हे झटक्यांवरील प्रमाण औषध ठरले. परंतु या सर्व उपायांनी झटके थांबतात, मूळ विकार नव्हे. त्यावर एकच खात्रीचा इलाज आहे : प्रसूती. आणि प्रसूती म्हणजे केवळ मूल बाहेर येणे नव्हे, तर वार पडणे. गर्भाशयात मूल नसून केवळ वारेच्या ऊतीचे द्राक्षांसारखे घोस वाढलेले असतात, अशा द्राक्षगर्भातही हा विकार होतो. अपराधी मूल नाही, वार आहे, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

मग वारेत घडणाऱ्या घटनेने आईचे मूत्रपिंड, यकृत आणि मेंदू का बिघडावेत? १९५९ साली मूत्रपिंडाच्या तुकड्यांची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी झाली, तेव्हा गाळणीचे काम करणाऱ्या केशवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी फुगून वाटच बुजवून टाकीत आहेत, असे दिसले. पुढे १९८९ साली जेम्स रॉबर्ट्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी सर्व धागे एकत्र गुंफून मांडणी केली की, प्री-एक्लॅम्प्सिया हा मूलतः आईच्या अंतःस्तराचा विकार आहे. अस्तर बिघडले म्हणून रक्तदाब वाढतो, प्रथिने गळतात, सूज येते, बिंबाणू खर्ची पडतात. एका कारणातून ही सारी लक्षणे उलगडतात. वारेतून आईच्या रक्तात येऊन अस्तर बिघडविणारे असे काहीतरी आहे, एवढे आता निश्चित झाले. जुन्या वैद्यांचा विषाचा तर्क अगदीच पोकळ नव्हता.

वाटेत अडविलेले टपाल

ते ‘काहीतरी’ बोस्टन येथे सापडले. भारतीय वंशाचे मूत्रपिंडतज्ज्ञ अनंत करुमंची, त्यांच्या सहकारी शॅरन मेनार्ड आणि इतर यांनी विकारग्रस्त स्त्रियांच्या वारेत कोणती जनुके अतिरेकाने काम करीत आहेत, याचा शोध घेतला आणि २००३ साली एका प्रथिनाकडे बोट दाखविले. त्याचे नाव एस-एफएलटी-१.

याचे कार्य समजण्यासाठी थोडी पार्श्वभूमी हवी. नव्या रक्तवाहिन्या फुटाव्यात आणि जुन्यांचे अस्तर धडधाकट राहावे म्हणून शरीरात काही पोषक प्रथिने तयार होतात. व्हीईजीएफ हे त्यांपैकी प्रमुख. वारेत विपुल तयार होणारे पीएलजीएफ हे त्याचे भावंड. अंतःस्तराच्या पेशींवर या प्रथिनांना धरून घेणारे ग्राही असतात, त्यांतील एक म्हणजे एफएलटी-१. प्रथिन ग्राहीवर बसले की पेशीला संदेश पोचतो. एस-एफएलटी-१ हा याच ग्राहीचा तोडका अवतार आहे. पेशीच्या पटलात रुतून बसणारा भाग त्याला नसतो, म्हणून तो रक्तात मोकळा हिंडतो. पोषक प्रथिन त्याला भेटले की तो त्याला पकडून ठेवतो. पत्त्यावर पोचण्याआधीच कोणी वाटेत टपाल काढून घ्यावे, तसे हे होते. घरात बसलेल्याला पत्र का आले नाही, हे कळत नाही. अस्तराची पेशी उपाशी राहते.

निरोगी गर्भारपणातही अखेरच्या दिवसांत एस-एफएलटी-१ काहीसे वाढतेच. विकारात ते फार वाढते आणि फार लवकर वाढते. बोस्टनच्या गटाने गाभण उंदीरमाद्यांच्या शरीरात हे प्रथिन जादा तयार होईल अशी व्यवस्था केली, तेव्हा त्यांचा रक्तदाब चढला, लघवीत प्रथिन आले आणि मूत्रपिंडात १९५९ साली वर्णिलेली ती विशिष्ट सूज हुबेहूब उमटली. आणखी एक पुरावा अनपेक्षित दिशेने आला. कर्करोगाच्या गाठीचा रक्तपुरवठा तोडण्यासाठी व्हीईजीएफ निकामी करणारी औषधे दिली जातात. त्या रोग्यांतही, मग ते पुरुष का असेनात, रक्तदाब वाढतो व लघवीत प्रथिन येते.

वार हे असे का करते? पुष्कळदा आरंभीच्या महिन्यांत गर्भाशयाच्या नागमोडी धमन्या पुरेशा रुंदावलेल्या नसतात. वारेला रक्त अपुरे व अनियमित मिळते आणि ताणाखाली ती हे प्रथिन सोडू लागते. मात्र सर्वच रुग्ण स्त्रियांत हीच साखळी असते असे नाही. दिवस भरत आल्यावर उद्भवणाऱ्या प्रकारात आईचा मधुमेह, स्थूलता, आधीचा रक्तदाब यांचा वाटा मोठा असतो. हा भाग अजून पूर्ण उलगडलेला नाही.

येथे वाचकाने एक भेद ध्यानी घ्यावा. फॉन विलब्रँड घटक हा मोडतोडीनंतर पडलेला चुरा आहे. एस-एफएलटी-१ हे मोडतोड करणारे हत्यारच होय. म्हणून ते विकार दिसण्यापूर्वी रक्तात सापडते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लक्षणे प्रकट होण्याच्या सुमारे पाच आठवडे आधीपासून ते वाढत असल्याचे आढळले, आणि त्याच वेळी मुक्त पीएलजीएफ घटत असल्याचे. एक चढते व दुसरे उतरते. तेव्हा दोहोंचे गुणोत्तर काढले तर फरक अधिक ठळक होतो, हे ओघानेच आले.

आकड्याचा अर्थ

आता प्रत्यक्ष प्रसंग डोळ्यांपुढे आणू. एकतीस आठवड्यांची गर्भिणी तालुक्याच्या दवाखान्यात आली आहे. रक्तदाब १३८/८८, पाय सुजलेले, डोके थोडे जड, लघवीत प्रथिनाची पुसट छटा. जिल्ह्याचे रुग्णालय साठ किलोमीटरांवर. घरी दोन वर्षांचे मूल आहे. तिला पाठवावे की नाही? पाठविले आणि काही निघाले नाही, तर मजुरी बुडाली, गाडीभाडे गेले, आणि पुढच्या वेळी ती येणार नाही. न पाठविले आणि झटके आले तर दोन जीव धोक्यात. हा प्रश्न रोज कोठे ना कोठे कोणत्या तरी डॉक्टरसमोर किंवा परिचारिकेसमोर उभा असतो.

विकाराचा संशय असलेल्या स्त्रियांवर अनेक देशांत झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एस-एफएलटी-१ व पीएलजीएफ यांच्या गुणोत्तरासाठी ३८ ही सीमा ठरविण्यात आली. गुणोत्तर ३८ किंवा त्याहून कमी असलेल्या शंभर स्त्रियांपैकी नव्व्याण्णवांहून थोड्या अधिक जणींना पुढील आठवड्यात विकार झाला नाही. उलट, ते ३८ हून अधिक असलेल्या शंभरांपैकी सुमारे सदतीस जणींनाच पुढील चार आठवड्यांत तो झाला. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. ‘नाही’ म्हणताना ही चाचणी भरवशाची आहे. ‘होय’ म्हणताना ती निम्म्याहून अधिक वेळा चुकते. म्हणजे वाढलेला आकडा हा निकाल नव्हे. तो डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवण्याचा इशारा आहे. त्या आकड्यावरून घाईने प्रसूती करविली तर अपुऱ्या दिवसांच्या बालकाचे नुकसान होईल. तसेच, ज्या स्त्रीचा रक्तदाब १६०/११० झाला आहे, तिच्यासाठी चाचणीच्या निकालाची वाट पाहणे हा गुन्हाच ठरेल. तेथे निदान डोळ्यांसमोर आहे.

चाचणीमुळे प्रत्यक्षात काय बदलते, हेही तपासले गेले. ब्रिटनमधील अकरा प्रसूतिकेंद्रांत सुमारे एक हजार स्त्रियांवर झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत डॉक्टरांना पीएलजीएफचा आकडा कळविला, तेव्हा निदानास लागणारा मध्यक काळ ४.१ दिवसांवरून १.९ दिवसांवर आला आणि मातांवरील गंभीर आपत्ती घटल्या. रक्तातील एका आकड्याने दोन दिवस वाचविले. ज्या विकारात काही तासांत झटके येऊ शकतात, तेथे दोन दिवस थोडे नव्हेत.

आपल्याकडे ही चाचणी प्रामुख्याने मोठ्या शहरांतील प्रयोगशाळांत होते आणि तिचा खर्च सामान्य कुटुंबाला जड जातो. वर वर्णिलेल्या तालुक्याच्या दवाखान्यात ती आज बहुधा मिळणार नाही. तेथे रक्तदाबाचा पट्टा आणि लघवीची पट्टी हीच साधने आहेत; आणि स्पष्ट सांगावयाचे तर दर भेटीत तीदेखील न चुकता वापरली गेली तरी पुष्कळ काही साधेल. चाचणीचे कौतुक करताना पट्ट्याची हेळसांड होऊ नये.

विकार टाळण्याच्या दिशेनेही एक पाऊल पडले आहे. पहिल्या तिमाहीत पीएलजीएफ, रक्तदाब, गर्भाशयाच्या धमन्यांतील प्रवाह इत्यादींवरून धोका अधिक असलेल्या स्त्रिया निवडून त्यांना रोज रात्री १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिले असता, दिवस भरण्यापूर्वी उद्भवणाऱ्या प्री-एक्लॅम्प्सियाचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसले. अर्थात हे औषध आपल्या मनाने घ्यावयाचे नाही. रक्तातील एस-एफएलटी-१ गाळून काढण्याचे प्रयोगही २०११ सालापासून मोजक्या स्त्रियांवर झाले आहेत. ते अद्याप प्रयोगावस्थेतच आहेत.

वार पडल्यावर एस-एफएलटी-१ काही दिवसांत उतरते, रक्तदाब बहुधा काही आठवड्यांत ताळ्यावर येतो आणि आई बाळाला घेऊन घरी जाते. तिची तपासणीची कार्डे पेटीच्या तळाशी जातात. परंतु ज्या स्त्रियांना हा विकार होऊन गेला, त्यांना पुढील आयुष्यात हृदयविकार व पक्षाघात होण्याचा संभव इतर स्त्रियांच्या सुमारे दुप्पट असतो, असे लक्षावधी स्त्रियांच्या नोंदींवरून दिसून आले आहे. विकाराने अस्तराला कायमची इजा केली, की अस्तर मुळात दुबळे होते म्हणून विकार झाला, यावर अजून वाद आहे. दोन्ही कारणे असू शकतात. वीस वर्षांनी हीच स्त्री छातीत दुखते म्हणून दवाखान्यात येते. तिला धूम्रपानाविषयी, मधुमेहाविषयी, वडिलांच्या हृदयविकाराविषयी विचारले जाते. बाळंतपणात रक्तदाब वाढला होता काय, हे मात्र क्वचितच कोणी विचारते, आणि तीही आपण होऊन सांगत नाही. कारण त्या दोहोंचा काही संबंध आहे, हे तिला कोणी कधी सांगितलेलेच नसते.